सिस्टर, मला काय झालंय?

(स्त्री-आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)



आपल्या आरोग्य-शिबिरांत बाळंतपणावर चर्चा होते, गर्भपाताच्या हक्कावर होते. अंगावरून जाणं, रक्त कमी असणं, गरज नसताना काढलेली पिशवी, सगळ्यावर होते. मरणावर मात्र होत नाही. आपण बोलतो ते हुंडाबळीबद्दल, उपचाराअभावी गेलेल्या बाळंतिणीबद्दल, म्हणजे टाळता आलं असतं अशा मरणाबद्दल. पण आजार आता बरा होणार नाही असं कळलंय आणि तरी बाई अजून काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं जगणार आहे, त्या काळाबद्दल आपण गप्प असतो. त्या काळात तिच्याशी कोण बोलतं, काय बोलतं आणि तिचं कोण ऐकतं, हा आजचा माझा विषय आहे.

मी पेशाने परिचारिका. ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची ११ वर्षं कॅन्सरच्या बायकांच्या वॉर्डात आणि त्यांच्या घरोघरी जाऊन. मी काही मोठी व्याख्याती नाही. वॉर्डात जे पाहिलं, थोरल्या सिस्टरांकडून आणि रुग्ण बायांकडून जे शिकले, ते सांगते.

या कामाला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत कोणी उपशामक सेवा म्हणतं, कोणी परिहारक सेवा. आजार हटवता येत नसेल, तरी त्रास हटवता येतो, हे त्यामागचं सूत्र. वेदना, धाप, उलट्या, जखमेचा वास, झोप न लागणं, मनाची घालमेल, घरच्यांची ओढाताण, या सगळ्यावर उपाय करायचे. आणि ते शेवटच्या आठवड्यात सुरू करायचे नाहीत. गंभीर आजाराचं निदान झालं की उपचारांच्या जोडीनेच ते सुरू व्हायला हवेत.

या सेवेचा आजचा आकार ज्यांनी घडवला त्या सिसिली साँडर्स यांची गोष्ट तुम्हाला आवडेल. इंग्लंडमधली ही बाई आधी नर्स होती. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं, म्हणून रुग्णालयात समाजसेविका झाली. मरणासन्न माणसांसाठी काही करायचंय, असं तिने एका सर्जनला सांगितलं. त्याने सल्ला दिला, की तुझं कोणी ऐकायला हवं असेल तर आधी डॉक्टर हो. तिने खरंच पुन्हा अभ्यास सुरू केला आणि १९५७ साली, वयाच्या चाळिशीकडे येताना, ती डॉक्टर झाली. १९६७ साली तिने लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. शरीराचं दुखणं, मनाचं दुखणं, घरादाराची चिंता आणि 'माझ्याच वाट्याला हे का?' हा प्रश्न, या सगळ्यांची मिळून एकच वेदना होते, हा विचार तिने मांडला. तो तिला सुचला रुग्णांच्या उशाशी बसून, त्यांचं ऐकून. पण तो जगाने ऐकावा म्हणून तिला डॉक्टर व्हावं लागलं, ही गोष्ट आपण बायकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं. ते भारतातलं पहिलं हॉस्पिस. १९९३ साली केरळात कोळिकोडला डॉक्टर आणि स्वयंसेवकांनी मिळून अशी सेवा उभी केली. पुण्यात वारज्याला १९९७ पासून असं केंद्र आहे. पण जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावी अजूनही बहुतेक बायकांच्या वाट्याला एकच वाक्य येतं, "आता घरी घेऊन जा." तिथून पुढे बोलणं बंद.

सांगायचं कोणाला?

राउंड कसा चालतो ते तुम्ही पाहिलं असेल. डॉक्टर खाटेपाशी येतात, केसपेपर बघतात, बाईला विचारतात, "काय, बरं आहे ना?" आणि पुढच्या खाटेकडे जातात. मग नवऱ्याला किंवा मुलाला बाहेर व्हरांड्यात बोलावतात. जे काही खरं आहे ते व्हरांड्यात सांगितलं जातं. नवरा परत येतो तो तोंडावर हसू आणून. "डॉक्टर काय म्हणाले?" "काही नाही, सूज आहे, जाईल." जाता जाता तो आम्हाला सांगतो, "सिस्टर, तिला काही सांगू नका हं. ती खचेल."

पुरुषांच्या वॉर्डातही लपवाछपवी चालते, नाही असं नाही. पण तिथे शेताच्या, कर्जाच्या कागदावर सही हवी म्हणून का होईना, काहीतरी त्याच्यापर्यंत पोचतं. बाईच्या नावावर काही नसतं, त्यामुळे तिला सांगण्यावाचून कोणाचं अडतही नाही. जिच्या शरीराबद्दल बोलणं चाललंय, तिलाच सगळ्यांत शेवटी कळतं.

कायदा काय म्हणतो? २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तपासणीसाठी बेशुद्ध केलेल्या अवस्थेत या बाईंचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले होते. संमती घेतली होती ती बाहेर बसलेल्या आईची. न्यायालयाने सांगितलं, की सज्ञान बाईच्या वतीने आईची संमती चालत नाही. तातडीने जीव वाचवायचा असेल तर गोष्ट वेगळी, एरवी तिला स्वतःला पुरेशी माहिती देऊन तिचीच संमती घेतली पाहिजे. आता ही माहिती मिळण्याचा हक्क आजार बरा होणारा असेल तोवरच आहे, आणि बरा होणारा नसेल तर तो नवऱ्याकडे जातो, असं कुठे लिहिलंय?

एका बाईंबद्दल सांगते. पंचेचाळिशीच्या, शेतमजूर. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, पसरलेला. दोन मुली. थोरली सोळा वर्षांची, दहावीत. घरात कोणीच त्यांना काही सांगितलं नव्हतं. पण माणसं वागायची बदलली होती. न भांडणारी जाऊ भांडायची थांबली, असं नाही, जी रोज भांडायची ती जाऊ एकदम गोड बोलायला लागली होती. सासरकडचे कुजबुजत होते. रात्रपाळीला मी औषध द्यायला गेले, तेव्हा त्यांनी हात धरून विचारलं, "सिस्टर, मला काय झालंय?"

अशा वेळी आम्हाला शिकवलेलं उत्तर म्हणजे, "डॉक्टरांना विचारा." किंवा "काळजी करू नका, देव आहे." ही दोन्ही उत्तरं बोलणं बंद करणारी आहेत. थोरल्या सिस्टरांनी मला वेगळं शिकवलं होतं. स्टूल ओढून बसायचं. उभं राहून बोललं की रुग्णाला वाटतं, ही आता निघाली. आणि उत्तर द्यायच्या आधी विचारायचं. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "ह्यातून मी उठत नाही." मी विचारलं, "असं का वाटलं?" मग त्या पाऊण तास बोलल्या. वास येतो ते बोलल्या, नवरा जवळ बसत नाही ते बोलल्या. आणि खरी गोष्ट सगळ्यात शेवटी निघाली. आपण गेलो की परीक्षेच्या आधीच थोरलीचं लग्न उरकतील, याची त्यांना धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या नवऱ्याशी बोलले. तोही काही दुष्ट माणूस नव्हता. त्याला म्हटलं, "तुम्ही तिला जपताय ते दिसतंय. पण हे सगळं एकट्याने पोटात ठेवून तुमचं काय होत असेल?" तो रडायला लागला. मग म्हटलं, "मी आपणहून तिला काही सांगणार नाही. पण तिने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आणि ती विचारते आहे." तो तयार झाला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. बाई त्या दिवशी खूप रडल्या, जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी भावाला बोलावून घेतलं. नवऱ्यासमोर ठरवलं, की थोरली मामाकडे राहून शिकेल. पोस्टातले साठवलेले पैसे मुलींसाठी ठेवायचे ठरले. नंतर त्या अडीच महिने जगल्या. त्या काळात वॉर्डातल्या दुसऱ्या बायांना धीर देत होत्या. "ती खचेल" म्हणून जे लपवलं जात होतं, त्याच्याच आधारावर त्यांनी मुलीची दहावी वाचवली.

याचा अर्थ दिसेल तिला खरं सांगत सुटायचं, असा मुळीच नाही. काही बायांना ऐकायचं नसतं, तोही त्यांचा हक्क आहे. म्हणून दाखल होतानाच विचारावं, "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला स्वतःला ऐकायचंय, की घरातल्या कोणाला सांगू? कोणाला सांगू?" उत्तर ऐकून तुम्ही चकित व्हाल. कितीतरी बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. बहिणीचं घेतात, लेकीचं घेतात, शेजारणीचं घेतात.

दुखणं सांगण्याची भाषा

आता वेदनेबद्दल. दवाखान्यात शून्य ते दहा आकड्यांत दुखणं मोजायची पद्धत आहे. खेड्यातल्या बाईला विचारा, "दहापैकी किती दुखतंय?" ती गोंधळून म्हणेल, "दुखतंय, सोसतेय." सोसण्याचं तर आपल्याला बाळकडूच मिळालेलं असतं. कळा निमूट सोसल्या म्हणून बाळंतिणीचं कौतुक करणारा आपला समाज. तीच बाई हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनाही निमूट सोसते, आणि कागदावर लिहिलं जातं, 'तक्रार नाही'.

पण तिच्याकडे स्वतःचं माप असतं. जुन्या बाया आण्यांत सांगतात. "काल सोळा आणे होतं, गोळीनं आठ आणे कमी झालं." हे माप आकड्यांइतकंच पक्कं आहे. ते केसपेपरवर तसंच लिहावं. आणखी विचारावं, की दुखण्यामुळे काय करता येत नाही? "कुशीवर वळता येत नाही", "केस विंचरता येत नाहीत", "नातवाला मांडीवर घेता येत नाही". औषध लागू पडलं की नाही, हे यावरून कळतं. नातू मांडीवर आला की समजायचं, गोळी लागू पडली.

शब्दही नीट समजून घ्यावे लागतात. कोणी चमका म्हणेल, कोणी ठणका, कोणी आग, कोणी मुंग्या. हाडाचा ठणका वेगळा आणि शिरेची आग वेगळी, त्यांची औषधंही वेगळी. सिस्टरने 'पेन' एवढा एकच शब्द लिहिला तर डॉक्टरांना कसं कळणार? शिवाय आमच्यातल्या कितीतरी परिचारिका केरळातून आलेल्या. त्या मराठी शिकतात, चांगली शिकतात. पण बंजारा तांड्यावरची किंवा मेळघाटातली बाई आली की सगळ्यांचीच भाषा अडते. मग तिच्या नवऱ्याला नाहीतर दहा वर्षांच्या मुलीला दुभाषी करतात. अंगावरून काय जातंय, ते बाईने मुलीच्या तोंडून सांगायचं का? अशा वेळी वॉर्डातली मावशी, दुसऱ्या खाटेवरची बाई, किंवा तुमच्यासारखी कार्यकर्ती शोधावी.

मॉर्फिनबद्दलही बोललं पाहिजे. तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हे स्वस्त आणि उत्तम औषध. अफू आपल्याच देशात सरकारी परवान्याने पिकते. पण अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याच्या जाचक नियमांमुळे औषधाची दुकानं आणि दवाखाने ते ठेवायलाच घाबरू लागले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट सोपी झाली, तरी भीती गेलेली नाही. घरचे विचारतात, "ही नशेची गोळी ना? सवय लागेल." कोणी म्हणतं, "ही दिली म्हणजे संपलंच." इथे परिचारिकेच्या बोलण्यावर सगळं अवलंबून असतं. ही गोळी वेदनेसाठी आहे, मरणासाठी नाही, असं स्पष्ट सांगावं. दुखण्याच्या मापाने, डॉक्टर ठरवतील तितकी, वेळच्या वेळी घ्यायची. साधी गोळी दर चार तासांनी लागते, दुखायला लागायची वाट बघायची नाही. आणि पोट घट्ट होणार, म्हणून जुलाबाचं औषध सोबतच घ्यायचं. एवढं एक सांगायचं राहिलं, तर बाई चौथ्या दिवशी गोळी बंद करते आणि पुन्हा सोसत पडते.

वासाचंही तसंच. स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये जखम झाली की वास येतो. बाई लाजेने पदर घट्ट ओढून बसते, भिंतीकडे तोंड करून झोपते. कोणी तिच्याजवळ त्याचा उल्लेख करत नाही, सगळे नाकाला रुमाल लावतात. आम्ही सरळ बोलायचो. "वासाचा त्रास होतोय ना? त्यावर औषध आहे." मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड डॉक्टरांच्या सल्ल्याने जखमेवर लावली तर वास पुष्कळ कमी होतो. पण औषधाच्याही आधी, नाकाला रुमाल न लावता कोणीतरी जवळ बसणं, हा उपचार असतो.

न बोलता बोलणं

बोलणं म्हणजे नुसते शब्द नव्हेत. बाई रडायला लागली की आपण घाईने म्हणतो, "रडू नका, रडू नका." का? तर आपल्याला ते बघवत नाही. रडू द्यावं. गप्प बसावं. हातावर हात ठेवावा. "मी मरणार का?" या प्रश्नामागे कधी "खूप दुखेल का?" हा प्रश्न असतो, कधी "तुम्ही मला सोडून जाल का?" हा असतो, कधी "माझ्या मागे मुलांचं कोण बघेल?" हा असतो. कोणता ते कळायला थांबावं लागतं. आणि 'आता करण्यासारखं काही नाही' हे वाक्य वॉर्डातून कायमचं हद्दपार करावं. करण्यासारखं पुष्कळ असतं. तोंड कोरडं पडलं तर ओल्या कापसाने पुसता येतं, कूस बदलता येते, केस विंचरता येतात.

शुद्ध हरपलेल्या माणसाशीही आम्ही बोलतो. "ताई, आता कुशीवर वळवते हं." ऐकू येत असेल, असं धरूनच चालायचं. या बाबतीत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या परिचारिकांची आठवण निघतेच. त्यांचीच सहकारी अरुणा शानबाग. नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच एका सफाई कामगाराने तिच्यावर बलात्कार आणि प्राणघातक हल्ला केला. १८ मे २०१५ ला तिचं निधन झालं, तोवर, म्हणजे ४१ वर्षांहून जास्त काळ, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला सांभाळलं. २०११ साली तिच्या दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिला सांभाळणाऱ्या त्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्या निकालाबद्दल आपल्यात मतभेद असू शकतात. पण रोज अंग पुसणारीला, भरवणारीला त्या माणसाचं काहीतरी कळतं आणि ते ऐकलं पाहिजे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. मग जिल्हा रुग्णालयाच्या राउंडला ते का मान्य होऊ नये? तिथे सिस्टर ट्रे धरून उभी असते, आणि रात्री तीन वाजता बाई काय बोलली, हे तिला कोणी विचारत नाही.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मानला आणि शेवटच्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याची मुभा दिली. २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते करता येतं. पण ज्या बाईला आपला आजारच माहीत नाही, ती काय लिहून ठेवणार?

आमच्याशी कोण बोलतं?

आता थोडं आमच्याबद्दल. परिचारिका बोलत नाहीत, खेकसतात, अशी तुमची तक्रार असते. काही वेळा खरी असते. पण रात्रपाळीत चाळीस खाटांना दोन सिस्टर, त्यातली एक शिकाऊ. सलाइन, इंजेक्शनं, रजिस्टरं, मध्येच एक मृत्यू. त्याचा कागद करायचा, नातेवाइकांना सावरायचं, खाट पुसून घ्यायची, की नवा पेशंट दारात. जिची महिनाभर सेवा केली तिच्यासाठी रडायलाही पाच मिनिटं नाहीत. वर कंत्राटी नोकरी असेल तर तोंड उघडायचीही चोरी. मी एका वॉर्डात रुग्णापाशी बसून बोलत होते, तर वरिष्ठांनी विचारलं, "काम नाही का?" बोलणं हे कामात धरतच नाहीत. घरात बाई दिवसभर राबते ते जसं काम नसतं, तसंच हे. आम्हाला 'सेवेची मूर्ती' म्हणून हार घालतात, पण मूर्तीला पगारवाढ लागत नाही, आणि मूर्ती बोलतही नाही.

म्हणून मला काही मागण्या तुमच्यापुढे ठेवायच्या आहेत. त्या संघटनांनी उचलाव्यात.

एक, दाखल होताना प्रत्येक रुग्ण बाईला विचारलं जावं, की माहिती कोणाला द्यायची, आणि तिचं उत्तर केसपेपरवर लिहावं. दोन, गंभीर बातमी व्हरांड्यात सांगायची नाही. बसून, पडदा ओढून, परिचारिकेच्या समोर सांगायची, म्हणजे रात्री प्रश्न आला तर तिला काय बोललं गेलंय ते माहीत असेल. तीन, रुग्णाशी बोलण्याचा वेळ परिचारिकेच्या कामाच्या तासांत धरावा, त्याचं प्रशिक्षण द्यावं आणि रिकाम्या जागा कायमस्वरूपी भराव्यात. चार, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनची गोळी मिळते का, याची चौकशी करत राहावी.

आणि पाचवी गोष्ट आपल्या स्वतःसाठी. केरळात हे काम वाढलं ते गावातल्या साध्या माणसांमुळे. आठवड्यातले दोन तास देणारे स्वयंसेवक नर्सबरोबर घरोघरी जातात. आपल्या गटांना हे सहज जमेल. घरी आजारी बाईचं करणारी बहुतेक वेळा दुसरी बाईच असते, सून नाहीतर शाळा सोडवलेली लेक. तिला एक दुपार मोकळी करून देणं, हेसुद्धा स्त्रीमुक्तीचंच काम आहे.

तुमच्या वस्तीत आत्ता या घडीला कोणीतरी अशी अंथरुणावर असेल. तिच्याकडे जाताना फळं नेली नाहीत तरी चालेल. खाली बसा, आणि ती काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐका. मध्ये "बऱ्या व्हाल हो" म्हणू नका. ऐकलेलं चार जणींत चघळू नका, पण तिला काही ठरवायचं असेल, कोणाला भेटायचं असेल, कोणत्या कागदावर सही करायची असेल, तर त्यासाठी मात्र धावपळ करा.

एवढं सांगून मी थांबते. आता तुमचे प्रश्न घेऊ.